ऋतुनिवृत्तीनंतरची हॉर्मोन-प्रतिस्थापन चिकित्सा व रोहिण्यांचे स्वास्थ्य

स्त्रीच्या अंडाशयांचे कार्य मंदावून थांबल्यावर शरीरात उणी पडलेली हॉर्मोने औषधरूपाने बाहेरून देण्याच्या उपचारपद्धतीस हॉर्मोन-प्रतिस्थापन चिकित्सा असे म्हणतात. अंगाची काहिली, रात्रीचा घाम, निद्रानाश, योनिमार्गाचा कोरडेपणा व हाडांची झीज या तक्रारींवर ही चिकित्सा गुणकारी असल्याविषयी दुमत नाही. रोहिण्यांचे, म्हणजे हृदयाकडून शरीरभर शुद्ध रक्त नेणाऱ्या वाहिन्यांचे, तीमुळे संरक्षण होते की नाही, हा प्रश्न मात्र अर्धशतकाहून अधिक काळ वादाचा राहिला आहे. या काळात उत्तर दोनदा उलटले आणि अखेरीस ते स्त्रीच्या वयावर अवलंबून असल्याचे दिसून आले. महाराष्ट्रात, विशेषतः छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) या महसूल विभागात, या प्रश्नाला पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत सहसा न आढळणारी एक बाजू आहे. येथील अनेक श्रमजीवी स्त्रियांची ऋतुनिवृत्ती निसर्गक्रमाने न येता शस्त्रक्रियेच्या मेजावर, पस्तिशीच्या आसपासच आलेली असते.

ऋतुनिवृत्तीचे वय : सलग बारा महिने मासिक पाळी न आल्यास ऋतुनिवृत्ती झाली असे मानतात. पाश्चात्त्य देशांतील स्त्रियांत ती सरासरीने ५१ व्या वर्षी, तर भारतीय स्त्रियांत सु. ४६ ते ४७ व्या वर्षी येते. चाळिशीपूर्वी आल्यास तिला अकाली आणि ४० ते ४५ या वयात आल्यास लवकर आलेली ऋतुनिवृत्ती म्हणतात. दोन्ही अंडाशय काढून टाकल्यास ती त्याच दिवशी येते. नैसर्गिक ऋतुनिवृत्तीत हॉर्मोनांची पातळी काही वर्षांत हळूहळू उतरते आणि शरीराला जुळवून घेण्यास अवधी मिळतो. शस्त्रक्रियेनंतर तो मिळत नाही आणि त्रास अधिक तीव्र असतो.

अंडाशयांतून स्रवणाऱ्या हॉर्मोनांपैकी रोहिण्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे हॉर्मोन म्हणजे स्त्रीमदजन, ज्याला ईस्ट्रोजेन या नावानेही ओळखतात. दुसरे हॉर्मोन प्रोजेस्टेरोन हे होय. गर्भाशयाच्या अंतःस्तराची वाढ आटोक्यात ठेवणे हे चिकित्सेत त्याचे मुख्य काम असते.

रोहिणीवरील क्रिया : रोहिणीच्या पोकळीस आतून एकपेशीय जाडीचे अतिशय तलम अस्तर असते. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड हा वायू सूक्ष्म प्रमाणात निर्माण करते. त्यामुळे भित्तीतील स्नायू सैल पडतात, रोहिणी रुंदावते आणि रक्तबिंबिका अस्तरास चिकटत नाहीत. अस्तराच्या पेशींत स्त्रीमदजनाचे ग्राही असून हे हॉर्मोन त्यांना लागताच नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती वाढते. यकृतावरील क्रियेमुळे कमी घनतेच्या, म्हणजे अपायकारक, वसाप्रथिनांचे रक्तातील प्रमाण घटते व जास्त घनतेच्या, उपकारक वसाप्रथिनांचे वाढते. पाळी थांबण्याच्या सुमारास रक्तातील कोलेस्टेरॉल झपाट्याने वाढते ते याच कारणाने. पुरुषांच्या मानाने स्त्रियांत हृद्‌रोहिणीविकाराचा झटका सु. नऊ-दहा वर्षांनी उशिरा का येतो, याचे स्पष्टीकरणही पुष्कळसे यात सापडते.

याच हॉर्मोनाची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. वयोमानाने रोहिणीच्या भित्तीत कोलेस्टेरॉल, दाहक पेशी व कॅल्शियमाचे क्षार साचून विलेप तयार झालेला असेल, तर तेथील अस्तर रोगट व ग्राही उणावलेले असतात. अशा ठिकाणी स्त्रीमदजन रोहिणी रुंदावू शकत नाही. उलट विलेपावरील तंतुमय आवरण विरघळविणारी एंझाइमे त्यामुळे चेतविली जातात, असे आढळले आहे. आवरण फाटले की तेथे रक्त गोठून वाहिनी तुंबते. शिवाय तोंडाने घेतलेले स्त्रीमदजन आतड्यांतून प्रथम यकृतात जाते व तेथे रक्तक्लथनास मदत करणाऱ्या घटकांची निर्मिती वाढविते. नव्या मातीच्या भिंतीला पोतेरे दिले तर ती टिकते. आतून पोखरलेल्या भिंतीला ओल मारली तर पोपडे सुटतात. निरोगी व रोगट रोहिणीतला फरक काहीसा असाच आहे.

इतिहास : एडवर्ड डॉइझी व एडगर ॲलन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२३ मध्ये अंडाशयातील या हॉर्मोनाची क्रिया सिद्ध केली. १९२९ मध्ये डॉइझी व जर्मनीत आडोल्फ बूटेनांट यांनी त्याचा एक प्रकार शुद्ध स्वरूपात मिळविला. गाभण घोड्यांच्या मूत्रापासून काढलेली संयुग्मी स्त्रीमदजनांची गोळी १९४२ पासून अमेरिकेत विकली जाऊ लागली. रॉबर्ट विल्सन या न्यूयॉर्कच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या १९६६ मधील पुस्तकाने ऋतुनिवृत्ती हा एक न्यूनताजन्य रोगच असून गोळीने तारुण्य टिकते, असा समज रूढ केला. १९७५ मध्ये केवळ स्त्रीमदजन घेणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या अंतःस्तराचा कर्करोग वाढल्याचे उघड झाले. तेव्हापासून ज्यांचे गर्भाशय शाबूत आहे त्यांना प्रोजेस्टेरोन वा तत्सम द्रव्यही बरोबरीने देण्याचा प्रघात पडला. ज्यांचे गर्भाशय काढलेले आहे त्यांना या दुसऱ्या औषधाची गरज नसते. ही बाब पुढील विवेचनात पुन्हा येईल.

हृदयरक्षणाच्या आशेने झालेला पहिला मोठा प्रयोग पुरुषांवर झाला, ही गोष्ट आज थोडी नवलाची वाटते. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या अमेरिकन पुरुषांना संयुग्मी स्त्रीमदजने देऊन पाहण्यात आली. परंतु अपाय दिसू लागल्याने मोठी मात्रा १९७० मध्ये व लहान मात्रा १९७३ मध्ये बंद करावी लागली. या इशाऱ्याकडे पुढे फारसे लक्ष दिले गेले नाही.

१९८५ मध्ये एकाच अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन परस्परविरोधी अहवाल प्रसिद्ध झाले. १९७६ पासून १,२१,७०० परिचारिकांच्या आरोग्याची नोंद ठेवणाऱ्या पाहणीत हॉर्मोने घेणाऱ्या स्त्रियांत हृद्‌रोहिणीविकार कमी आढळला, तर फ्रॅमिंगहॅम येथे १९४८ पासून चाललेल्या पाहणीत तो अधिक आढळला. वैद्यकविश्वाने पहिला निष्कर्ष उचलून धरला. वस्तुतः अशा निरीक्षणपर पाहणीत एक दोष अंगभूत असतो. हॉर्मोने घेणारी स्त्री बहुधा सुशिक्षित व सुस्थितीतील असते, वजन ताब्यात ठेवते आणि वेळच्या वेळी तपासून घेते. तिचे हृदय निरोगी राहिले याचे श्रेय गोळीला द्यावे की तिच्या राहणीला, हे केवळ नोंदींवरून सांगता येत नाही. त्यासाठी चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे यादृच्छिक रीतीने गट पाडून, एका गटास औषध व दुसऱ्यास तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देऊन तुलना करावी लागते.

यादृच्छिक चाचण्या : अशी पहिली मोठी चाचणी १९९८ मध्ये पुरी झाली. तीत हृद्‌रोहिणीविकार आधीच असलेल्या, सरासरी ६७ वर्षे वयाच्या २,७६३ स्त्रिया होत्या. सु. चार वर्षांनंतर दोन्ही गटांत एकूण फरक दिसला नाही. मात्र पहिल्या वर्षात हॉर्मोनाच्या गटात झटके अधिक आले.

त्यानंतर अमेरिकेत ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या नावाने झालेली चाचणी निर्णायक ठरली. तिच्या एका शाखेत ५० ते ७९ वर्षे वयाच्या व गर्भाशय असलेल्या १६,६०८ स्त्रियांपैकी निम्म्यांना दोन्ही हॉर्मोने देण्यात आली. ही शाखा साडेआठ वर्षे चालावयाची होती. परंतु ५·२ वर्षांनीच, जुलै २००२ मध्ये, ती थांबविण्यात आली. दर वर्षी दर १०,००० स्त्रियांमागे हृद्‌रोहिणीविकाराचे ७, पक्षाघाताचे ८, फुप्फुसात क्लथ अडकण्याचे ८ व स्तनाच्या कर्करोगाचे ८ प्रसंग अधिक घडले होते. मांडीच्या हाडाच्या खुब्याचे अस्थिभंग मात्र ५ ने व मोठ्या आतड्याचे कर्करोग ६ ने कमी होते. ही वृत्तपत्रीय मथळ्याची बातमी झाली आणि जगभर लाखो स्त्रियांनी गोळ्या बंद केल्या. दुसऱ्या शाखेत गर्भाशय काढलेल्या १०,७३९ स्त्रिया होत्या व औषध केवळ स्त्रीमदजन होते. ती २००४ मध्ये थांबविली गेली. तीत पक्षाघात वाढल्याचे दिसले. परंतु हृद्‌रोहिणीविकार वा स्तनाचा कर्करोग वाढला नाही. दोन शाखांमधील हा भेद त्या गदारोळात बहुतेकांच्या नजरेतून निसटला.

आणखी एक गोष्ट निसटली. या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. पाळी जाऊन दहा-पंधरा वर्षे लोटलेल्या, रोहिण्यांत विलेप साचलेल्या अनेक स्त्रियांना प्रथमच हॉर्मोन दिले गेले होते. २००७ मध्ये याच आकड्यांची वयोगटांनुसार फेरमांडणी झाली तेव्हा हृद्‌रोहिणीविकाराची वाढ मुख्यतः वयस्क गटात असून, पाळी जाऊन दहा वर्षे न झालेल्यांत ती नसल्याचे दिसले. पन्नाशीत स्त्रीमदजन घेतलेल्या स्त्रियांच्या हृद्‌रोहिण्यांत कॅल्शियमाचा साठाही कमी आढळला.

हे अनुमान पडताळण्यासाठी मुद्दाम योजलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. ६४३ स्त्रियांचे, पाळी जाऊन सहा वर्षे न झालेल्या व दहा वर्षे होऊन गेलेल्या, असे दोन गट करण्यात आले. ग्रीवा रोहिणीच्या भित्तीतील आतल्या थरांची जाडी श्राव्यातीत ध्वनीच्या साहाय्याने ठराविक कालांतराने मोजण्यात आली. पहिल्या गटात निष्क्रिय गोळीवर ही जाडी वर्षाला सरासरी ०·००७८ मिमी. वाढली, तर स्त्रीमदजनावर ०·००४४ मिमी. दुसऱ्या गटात औषधाने असा फरक पडला नाही. कंपास-पट्टीने न मोजता येणारा हा आकडा लहान भासला, तरी रोहिणीचा रोग वर्षानुवर्षे याच गतीने वाढत असतो. तथापि नुकतीच पाळी गेलेल्या ७२७ स्त्रियांवर चार वर्षे चाललेल्या दुसऱ्या एका चाचणीत जाडीत असा लाभ आढळला नाही. म्हणून लवकर सुरू केलेले हॉर्मोन रोहिण्यांना बहुधा अपायकारक नसते व कदाचित हितकारक असते, इतकेच म्हणणे योग्य होईल. नैसर्गिक वयात पाळी गेलेल्या स्त्रीस, तक्रार नसताना, केवळ हृदयरक्षणासाठी ही चिकित्सा देऊ नये, असे अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०२२ मध्येही सांगितले. याउलट त्या देशाच्या अन्न व औषध प्रशासनाने २००३ पासून वेष्टनांवर छापला जाणारा हृदयविकार, स्तनाचा कर्करोग व बुद्धिभ्रंश यांविषयीचा चौकटीतील इशारा काढण्याचे नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. ही दोन विधाने वाटतात तितकी विसंगत नाहीत. एक प्रतिबंधासाठी औषध देण्याविषयी आहे, तर दुसरे तक्रारींसाठी औषध घेणाऱ्या तुलनेने तरुण स्त्रीच्या भीतीविषयी.

मराठवाड्यातील अकाली ऋतुनिवृत्ती : वरील सर्व वाद पन्नाशीच्या पुढील स्त्रियांविषयीचा आहे. पस्तिसाव्या वर्षी अंडाशय गमावलेल्या स्त्रीची गोष्ट निराळी असते. नैसर्गिक क्रमाने तिच्या रोहिण्यांना आणखी अकरा-बारा वर्षे स्त्रीमदजन मिळावयाचे होते. तिला दिलेले हॉर्मोन ही भर नसून खऱ्या अर्थाने भरपाई असते. परिचारिकांच्या पूर्वोक्त पाहणीतच १९८७ मध्ये असे आढळले की, दोन्ही अंडाशय काढलेल्या व हॉर्मोन न घेतलेल्या स्त्रियांत हृद्‌रोहिणीविकाराचा धोका २·२ पट होता. हॉर्मोन घेतलेल्यांत तो वाढला नव्हता. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या नोंदींतही, ४५ वर्षांपूर्वी अंडाशय काढून पुढे हॉर्मोन न मिळालेल्या स्त्रियांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू अधिक आढळले. हा पुरावा निरीक्षणपर आहे व त्याच्या उणिवा वर सांगितल्याच आहेत. पण येथे शरीरक्रियाविज्ञान व नोंदी एकाच दिशेला बोट दाखवितात, आणि बहुतेक देशांतील वैद्यकीय मार्गदर्शिकांचे या बाबतीत एकमत आहे.

छत्रपती संभाजीनगर विभागातील बीड जिल्हा या दृष्टीने चिंतेचा विषय ठरला आहे. या जिल्ह्यातून दर वर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो व मुकादमाकडून आगाऊ उचल घेतली जाते. कामाचा एक दिवस जरी चुकला तरी खाडा पडतो व त्याचा दंड उचलीत चढतो. पहाटेपासून ऊस तोडणे, मोळ्या बांधून डोक्यावरून वाहणे, राहावयास उसाच्या पाचटाची कोपी, पाणी व शौचालय यांची वानवा, अशा स्थितीत अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे वा अतिरक्तस्राव यांवर साधे उपचार करून घेण्यासही सवड नसते. पुढे कर्करोगाची भीती घातली जाते आणि तीन-चार महिन्यांच्या औषधोपचाराऐवजी ‘पिशवी काढून टाकणे’ हा एकच मार्ग समोर उरतो. २०१९ मध्ये राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत दिलेल्या माहितीप्रमाणे बीड जिल्ह्यातील खाजगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढण्यात आली होती. त्यानंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. या चौकशीत पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची, म्हणजे दर सहा स्त्रियांमागे एकीची, ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील भारतीय स्त्रियांत हेच प्रमाण ३·२ टक्के व शस्त्रक्रियेच्या वेळचे मध्यक वय ३४ होते. पुढे बीडमध्ये अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आवश्यक करण्यात आली आणि अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याविषयीची केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वे अंमलात आणण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना दिला.

या चर्चेत गर्भाशयाची गणना झाली, अंडाशयांची झाली नाही. गर्भाशय काढले म्हणजे अंडाशय काढलेच असे नाही. ते मागे ठेवले असल्यास हॉर्मोने स्रवत राहतात, केवळ पाळी येत नाही. परंतु गर्भाशयाबरोबर त्यांच्या रक्तपुरवठ्याचा काही भाग तुटत असल्याने ते नेहमीपेक्षा लवकर थकतात. एका अमेरिकन अभ्यासात त्यांचे कार्य अकाली थांबण्याचा धोका जवळजवळ दुप्पट आढळला. पाळी आधीच बंद असल्यामुळे हे थांबणे कळून येण्यास कोणतीही खूण उरत नाही. रात्री कोपीत घामाने जाग येते, उन्हात अंगाचा भडका होतो, सांधे धरतात; या तक्रारी कष्टाच्या खाती जमा होतात. रोहिण्यांत चाललेली झीज तर तक्रारही करीत नाही. मिश्रीची सवय या भागातील स्त्रियांत पुष्कळ आहे. ती भाजलेली तंबाखूच असून तीतील निकोटिनाने रक्तदाब व नाडीचा वेग वाढतो; तरी ‘तंबाखू ओढता का’ या प्रश्नाला या स्त्रिया प्रामाणिकपणे ‘नाही’ असेच उत्तर देतात. दक्षिण आशियातील लोकांत हृदयविकाराचा पहिला झटका मुळातच इतरांपेक्षा सु. सहा वर्षे आधी येतो, हेही लक्षात घ्यावे लागते.

चिकित्सेचे स्वरूप : गर्भाशय नसलेल्या स्त्रीस केवळ स्त्रीमदजन पुरते. ज्या शाखेत हृदयविकार वा स्तनाचा कर्करोग वाढला नाही तीच ही चिकित्सा होय. अंडाशयातील नैसर्गिक स्वरूपाचे स्त्रीमदजन गोळी, त्वचेवर चोळावयाचे जेल किंवा चिकटपट्टी या रूपांत मिळते. त्वचेद्वारे दिलेले औषध यकृताला वळसा घालून सरळ रक्तात शिरत असल्याने त्यापासून नीलांत क्लथ होण्याचा धोका वाढत नसल्याचे निरीक्षणांत आढळले आहे. किंमत मात्र गोळीपेक्षा अधिक पडते. अकाली ऋतुनिवृत्तीत मात्रा नेहमीपेक्षा काहीशी मोठी ठेवतात व नैसर्गिक ऋतुनिवृत्तीच्या सर्वसाधारण वयापर्यंत औषध चालू ठेवतात. त्यानंतर तक्रारी व धोके पाहून पुन्हा विचार करतात. स्तनाचा कर्करोग, पूर्वी झालेला क्लथविकार, पक्षाघात वा हृदयविकाराचा झटका, यकृताचा चालू विकार व योनिमार्गातून कारण न समजलेला रक्तस्राव असल्यास ही चिकित्सा देत नाहीत. रक्तदाब, मधुमेह व कोलेस्टेरॉल यांवरील उपचारांची जागा ती घेऊ शकत नाही. रोहिण्यांच्या हिताच्या दृष्टीने मिश्री सोडणे हे कोणत्याही गोळीइतकेच महत्त्वाचे आहे.

अंडाशय चालू आहेत की नाहीत हे ठरविण्यासाठी रक्तातील पुटक-उद्दीपक हॉर्मोनाची मोजणी करतात. पोष ग्रंथीतून येणारे हे हॉर्मोन अंडाशय थकले की वाढते. काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा वाढलेले आढळल्यास निदान पक्के होते. छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे (स्थापना १९५६) रुग्णालय ‘घाटी’ या नावाने विभागभर परिचित असून आसपासच्या जिल्ह्यांतील अवघड रुग्ण तेथे पाठविले जातात. वाढलेला रक्तदाब वा छातीत दुखणे यांसाठी आलेल्या चाळिशीतील स्त्रीने ‘पिशवी काढली आहे’ असे सांगितल्यास वैद्याने पुढचे दोन प्रश्न विचारणे आवश्यक असते : कोणत्या वर्षी, आणि अंडाशय ठेवले होते काय. याचे उत्तर शस्त्रक्रियेनंतर घरी जाताना मिळालेल्या कागदावर असते. तो कागद दर हंगामात कोपीतून कोपीत फिरताना पावसात भिजतो, हरवतो, किंवा मुळात दिलेलाच नसतो. अशा वेळी श्राव्यातीत ध्वनीची तपासणी व रक्ताची वरील मोजणी यांवरच विसंबावे लागते.